कै. डॉ. सुभाष मुखर्जी

ज्या घरीं मूल नाहीं त्या घरचें दुःख काय असतें हें आमच्या करवीर नगरींत कोणास समजावून सांगावयास नको. अंबाबाईच्या देवळांत ओटी भरावयास आलेल्या व जोतिबाचा डोंगर चढून नवस बोलणाऱ्या स्त्रियांत अशा किती तरी माउल्या असतात. राजवाडाही ह्या दुःखास अपवाद नव्हता. १८७० सालीं छत्रपति राजाराम महाराज इटलींतील फ्लॉरेन्स शहरीं निवर्तले तेव्हां गादीस दत्तक घ्यावा लागला. त्या दत्तकपुत्राचें, म्हणजे शिवाजी महाराजांचें, १८८३ सालीं अहमदनगर येथें देहावसान झालें तेव्हां पुनः दत्तकच घ्यावा लागला. आणि १७ मार्च १८८४ रोजीं कागलच्या घाटगे घराण्यांतील, वयाच्या दहाव्या वर्षांत असलेले यशवंतराव हे राणी आनंदीबाईंचे दत्तकपुत्र होऊन शाहू छत्रपति झाले. कोल्हापूरचें भाग्य थोर, कीं त्या दत्तकविधीनें आम्हांस असा राजा लाभला. सामान्य घरीं मात्र गोष्ट निराळी होत असे. तेथें सारा दोष सुनेच्या माथीं येई, व कित्येकदां तिच्या डोळ्यांदेखत दुसरी बायको घरांत येई. मूल न होण्याचें कारण पुरुषाच्या ठायीं असण्याचा संभवही जवळजवळ तितकाच असतो असें वैद्यकशास्त्र सांगतें; पण हें ऐकून घेण्याची तयारी आजही सर्वांची नसते.

हें दुःख शास्त्राच्या साह्यानें हलकें करतां येईल अशी ज्यांची निष्ठा होती व ज्यांनीं तें आपल्या हातानें करून दाखविलें, अशा एका बंगाली डॉक्टरांचें चरित्र आम्ही आज वाचकांपुढें ठेवीत आहों. कोल्हापुराशीं त्यांचा प्रत्यक्ष संबंध नव्हता. परंतु जिवंतपणीं न मिळालेला न्याय त्यांस मरणोत्तर मिळाला तो मुंबईंत काम केलेल्या एका शास्त्रज्ञाच्या हातून. म्हणून ह्या कथेंत महाराष्ट्राचाही वाटा आहे.

सुभाष मुखर्जी यांचा जन्म १६ जानेवारी १९३१ रोजीं हजारीबाग येथें झाला. हें गांव आज झारखंड राज्यांत आहे. कलकत्त्याच्या नॅशनल मेडिकल कॉलेजांतून १९५५ सालीं त्यांनीं वैद्यकाची पदवी संपादन केली. पदवी हातीं पडतांच दवाखाना थाटून चार पैसे गांठीस बांधावे ही रूढ वाट. ती सोडून ते शरीरविज्ञानाच्या संशोधनाकडे वळले. १९५८ सालीं त्यांस कलकत्ता विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाली. पुढें ते स्कॉटलंडांत एडिंबरो येथें गेले, व तेथें मानवी शरीरांतील अंतःस्रावांचा अभ्यास करून १९६७ सालीं त्यांनीं दुसरी डॉक्टरेट मिळविली. अंतःस्राव म्हणजे शरीरांतील ग्रंथींतून रक्तांत उतरणारीं, अत्यल्प प्रमाणांत असूनही मोठालीं कामें करणारीं द्रव्यें. स्त्रीच्या शरीरांत बीज केव्हां पिकावें व गर्भाशयानें गर्भाच्या स्वागतास केव्हां सज्ज व्हावें, हें ह्याच द्रव्यांच्या हुकुमानें ठरतें. विलायतेंत राहून नांव व पैसा दोन्ही मिळविणें त्यांस अवघड नव्हतें. पण त्याच वर्षीं ते स्वदेशीं परतले आणि कलकत्त्याच्या नीलरतन सरकार वैद्यकीय महाविद्यालयांत शरीरविज्ञान शिकवूं लागले.

गर्भधारणेचा क्रम आमच्या वरच्या इयत्तांतील विद्यार्थ्यांनीं जीवशास्त्राच्या पुस्तकांत वाचलाच असेल. मातेच्या बीजकोशांत दरमहा सामान्यतः एक बीज पक्व होतें. तें बीजवाहिनी नांवाच्या बारीक नळींत उतरतें. तेथें पित्याच्या बीजाशीं त्याचा संयोग होतो. आणि असा बनलेला सूक्ष्म गर्भ कांहीं दिवसांनीं गर्भाशयांत येऊन रुजतो. आतां ह्या दोन्ही बाजूंच्या नळ्या जर रोगानें बुजल्या, तर दोघांचीं बीजें निरोगी असूनही त्यांची गांठ पडत नाहीं. पाटच फुटल्यावर विहिरींत कितीही पाणी असलें तरी शेत कोरडें राहतें, तसाच हा प्रकार. मग तो संयोग शरीराबाहेर कांचपात्रांत घडवून, तयार झालेला गर्भ मातेच्या उदरांत नेऊन ठेवितां येईल काय? इंग्लंडांत रॉबर्ट एडवर्ड्स व पॅट्रिक स्टेप्टो हे दोघे ह्या प्रश्नाचा कित्येक वर्षें पिच्छा पुरवीत होते. २५ जुलै १९७८ रोजीं ओल्डहॅम गांवीं त्यांच्या प्रयत्नानें लुईझ ब्राऊन ही मुलगी जन्मास आली आणि जगभर एकच गलका झाला. वर्तमानपत्रांनीं अशा बालकास परीक्षानळींतील बाळ असें नांव देऊन टाकलें. नांव चटकदार खरें, पण फसवें. बाळ कांहीं नळींत वाढत नाहीं. पहिले दोनचार दिवस तेवढें तें बाहेर असतें, पुढचा सारा काळ आईच्याच पोटांत.

त्या दिवसापासून ७० व्या दिवशीं, ३ ऑक्टोबर १९७८ रोजीं, कलकत्त्यांत एक मुलगी जन्मली. दुर्गापूजेचा हंगाम होता, म्हणून तिचें नांव दुर्गा पडलें. तिच्या आईच्या दोन्ही बीजवाहिन्या निकामी होत्या. डॉ. मुखर्जी, जादवपूर विद्यापीठांतील अन्नतंत्रविद्येचे अध्यापक प्रा. सुनीत मुखर्जी, व स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. सरोजकांति भट्टाचार्य अशा तिघांनीं मिळून हें कार्य सिद्धीस नेलें होतें. कोणी म्हणेल, इंग्लंडांत झालें त्याची ही नक्कल असेल. वाचकांनीं महिन्यांचा साधा हिशेब करून पाहावा. ऑक्टोबरांत जन्मलेली मुलगी जानेवारीच्या सुमारास आईच्या उदरांत रुजलेली असली पाहिजे. म्हणजे लुईझ ब्राऊनचें नांव जगानें ऐकलें त्याच्या कित्येक महिने आधींचें हें काम आहे.

शिवाय दोहोंची रीत अगदीं भिन्न होती. इंग्लंडचे डॉक्टर त्या वेळीं महिन्यास येणाऱ्या एकाच नैसर्गिक बीजावर विसंबले, व पोटास छिद्र पाडून त्यांतून बारीक दुर्बिण आंत घालून त्यांनीं तें बीज काढलें. मुखर्जींनीं अंतःस्रावाचें औषध देऊन एकाच वेळीं अधिक बीजें पिकविलीं, आणि दुर्बिणीवांचून, खालील मार्गानें लहानशी शस्त्रक्रिया करून तीं मिळविलीं. आज जगांतील बहुतेक रुग्णालयांत बीजें पिकविण्यास अशींच औषधें देतात. पण त्यांची खरी करामत पुढेंच आहे.

औषधानें बीजें पुष्कळ मिळतात हें खरें. तथापि त्याच औषधानें गर्भाशयाचें अस्तर अवेळीं तयार होतें, आणि अशा जागीं गर्भ धरणें कठीण जातें. आमच्या वाचकांत शेतकऱ्यांचीं मुलें पुष्कळ आहेत, त्यांस हें समजावयास वेळ लागणार नाहीं. बियाणें कितीही कसदार असो, रानास वाफसा आल्याखेरीज कोणी पेरीत नाहीं. मुखर्जींनीं ठरविलें कीं गर्भ आतांच उदरांत ठेवूं नये. तो गोठवून जपून ठेवावा, औषधाचा परिणाम ओसरूं द्यावा, आणि मातेचें शरीर आपल्या नैसर्गिक क्रमावर आलें म्हणजे योग्य दिवशीं तो आंत ठेवावा. बोलावयास हें सोपें आहे. बर्फाच्या पेटींत तोंडोतोंड भरून ठेविलेली कांचेची बाटली फुटते हें पुष्कळांनीं घरीं पाहिलें असेल. पाणी गोठतांना फुगतें. प्रत्येक पेशींत पाणी असतेंच, व तें गोठून त्याचे टोंकदार स्फटिक बनले कीं पेशीच्या चिंध्या होतात. म्हणून डायमिथाइल सल्फॉक्साइड नांवाचें एक द्रव्य त्यांनीं वापरलें. हें द्रव्य पेशींत शिरून पाण्याची जागा घेतें आणि स्फटिकांचा जोर मोडतें. अन्न गोठवून टिकविण्याच्या विद्येंत मुरलेले सुनीतबाबू ह्या मंडळींत कां होते, हें आतां वाचकांच्या ध्यानीं येईल. ५३ दिवस तो गर्भ गोठलेल्या स्थितींत राहिला. मग त्यास ऊब देऊन जागें केलें, आईच्या उदरांत ठेविलें, आणि दुर्गा जन्मली. गोठविलेल्या गर्भापासून मातेस दिवस गेल्याची दुसरी हकीकत परदेशांतून, ऑस्ट्रेलियांतील मेलबोर्न येथून, प्रसिद्ध झाली ती १९८३ सालीं. आज द्रव नायट्रोजनांत, उणे १९६ अंश तपमानांत, असे गर्भ वर्षानुवर्षें ठेवितात, व जगभर ह्या रीतीनें जन्मलेलीं मुलें लाखांनीं मोजावीं लागतील.

येथें एक शंका जाणत्या पालकांच्या मनांत येईल. जीवनाचे पहिले दिवस कांचेंत व थंडींत काढल्यानें मुलास कांहीं बाधा होत नसेल ना? शंका रास्त आहे व शास्त्रज्ञही तिच्या शोधांत आहेत. आईबापांकडून आलेलीं जनुकें म्हणजे एक मोठा ग्रंथ समजला, तर त्यांतील कोणतें पान वाचावें व कोणतें मिटून ठेवावें ह्याच्या रासायनिक खुणा त्या ग्रंथावर असतात. अक्षर एकही न बदलतां ह्या खुणांनीं फरक पडतो. ह्या अभ्यासास एपिजेनेटिक्स म्हणतात. गर्भाच्या अगदीं पहिल्या दिवसांत जुन्या खुणा बऱ्याचशा पुसल्या जाऊन नव्या मांडल्या जातात, आणि नेमके तेच दिवस हा गर्भ पात्रांत असतो. आजवरच्या पाहणींत असें आढळलें आहे कीं अशीं बहुतेक मुलें निरोगी असतात. खुणांच्या घोटाळ्यानें होणारे कांहीं विरळ विकार त्यांच्यांत किंचित् अधिक दिसतात, व गोठविलेल्या गर्भाचीं बालकें जन्मतः सरासरीनें जराशीं वजनदार असतात. मुखर्जींच्या काळीं ह्यांतील फारच थोडें ठाऊक होतें. तरी मातेच्या शरीराची नैसर्गिक वेळ साधण्याचा त्यांचा आग्रह पाहिला कीं त्यांच्या दृष्टीची खोली जाणवते.

आतां ह्या चरित्रांतील कटु भाग सांगणें प्राप्त आहे. वार्ता वर्तमानपत्रांत आली आणि अभिनंदनाऐवजीं संशयाचें काहूर उठलें. कांहीं संशय स्वाभाविक होता हें आम्ही नाकारीत नाहीं. भारतीय शीतविज्ञानाच्या एका नियतकालिकांत त्यांनीं १९७८ सालीं संक्षिप्त निवेदन दिलें होतें, पण तें फारच त्रोटक होतें. आणि दुर्गेच्या आईबापांस लोकांत बोभाटा नको असल्यामुळें मुलीस पुढें आणून दाखविण्याची सोय नव्हती. मूल नसण्याची लाज व मूल अशा रीतीनें झाल्याची लाज, अशा दोन लाजांच्या कात्रींत तें कुटुंब सांपडलें होतें. रुग्णास दिलेला शब्द मोडून आपली सुटका करून घेणें मुखर्जींस सहज शक्य होतें. त्यांनीं तसें केलें नाहीं. ह्याबद्दल आमच्या मनांत त्यांच्याविषयीं जो आदर आहे तो त्यांच्या शोधाबद्दलच्या आदराहून तसूभरही कमी नाहीं.

नोव्हेंबर १९७८ मध्यें पश्चिम बंगाल सरकारनें चौकशीसाठीं एक समिति नेमली. तिचे अध्यक्ष रेडिओलहरींच्या पदार्थविज्ञानाचे तज्ज्ञ होते. गर्भ शरीराबाहेर वाढविण्याचा वा गोठविण्याचा प्रत्यक्ष अनुभव समितींत कोणासच नव्हता. गवयाची परीक्षा घ्यावयास उत्तम सुतार बसवावा, आणि त्यानें पेटीचें लांकूड तपासून गाण्यावर शेरा मारावा, अशांतलाच हा प्रकार झाला. समितीनें मुखर्जींचें म्हणणें खरें मानलें नाहीं.

१९७९ सालीं जपानांतील क्योटो विद्यापीठाकडून आपलें कार्य निवेदन करण्याचें आमंत्रण त्यांस आलें. सरकारी नोकरास परदेशीं जावयास परवानगी लागते. ती त्यांस मिळाली नाहीं. ह्याच क्योटो विद्यापीठांतील शास्त्रज्ञांनीं २०१२ सालीं उंदरांच्या मूलपेशींपासून बीजें बनवून त्यांपासून जिवंत पिलें जन्मविलीं, हा योगायोग मनास चटका लावून जातो. मूलपेशी म्हणजे जींतून पुढें निरनिराळ्या प्रकारच्या पेशी बनूं शकतात अशी मूळ पेशी. ज्यांच्या शरीरांत बीजच तयार होत नाहीं अशा स्त्रीपुरुषांस पुढेंमागें ह्या वाटेनें आशा आहे. परंतु पालकांनीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. मूलपेशींनीं वांझपण घालविण्याचा सिद्ध झालेला उपचार अद्याप नाहीं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणें रक्ताच्या कांहीं विकारांखेरीज इतर रोगांवर हा उपाय केवळ संशोधनाच्या नियमांखालींच करून पाहावयाचा आहे. कोणी त्याच्या नांवाखालीं पैसे मागूं लागल्यास सावध असावें. ज्यानें खरें केलें त्यावर कोणी विश्वास ठेविला नाहीं, आणि जें अजून झालें नाहीं त्यावर लोक सहज विश्वास ठेवितात!

जपानची वाट बंद झाल्यावर मुखर्जींच्या प्रयोगांची वाटही बंद होत गेली. त्यांच्या बदल्या झाल्या. हृदयविकारानें शरीर खचलें. जून १९८१ मध्यें त्यांची नेमणूक कलकत्त्याच्या नेत्ररोग संस्थेंत झाली. अंतःस्राव व गर्भधारणा ह्यांत आयुष्य घालविलेल्या मनुष्यास डोळ्यांच्या संस्थेंत बसविणें म्हणजे त्याच्या हातांतील काम काढून घेणेंच होय. हा घाव त्यांस सोसवला नाहीं. १९ जुलै १९८१ रोजीं, वयाच्या ५० व्या वर्षीं, त्यांनीं आपली जीवनयात्रा आपणच संपविली. त्यांच्या पत्नी नमिताबाई ह्या शाळेंत शिक्षिका होत्या. इतक्या एकाकी मनुष्याजवळ कोणी जाऊन बसावयास पाहिजे होतें, व त्यांनींही आपलें ओझें कोणापाशीं उतरवावयास पाहिजे होतें, असें हें लिहितांना राहून राहून मनांत येतें.

पांच वर्षें लोटलीं. ६ ऑगस्ट १९८६ रोजीं मुंबईंत परळच्या के. ई. एम. रुग्णालयांत अशाच उपायानें एक मुलगी जन्मली. डॉ. इंदिरा हिंदुजा ह्यांनीं तेथें प्रत्यक्ष उपचार केले, आणि परळच्याच प्रजनन संशोधन संस्थेचे संचालक डॉ. टी. सी. आनंद कुमार ह्यांनीं त्यामागील शास्त्रीय बाजू सांभाळली. सर्व कागदपत्र यथास्थित होते. संशयास जागा नव्हती. भारतांतील पहिलें असें बालक मुंबईचें, हें सरकारदरबारीं व पुस्तकांत नमूद झालें, आणि मुंबईकरांनीं योग्य तो अभिमानही बाळगला.

१९९७ सालीं आनंद कुमार कलकत्त्यास गेले असतां मुखर्जींचीं हस्तलिखित टिपणें त्यांच्या हातीं आलीं. हीं टिपणें न वाचतां बाजूस ठेवणें त्यांच्या किती सोयीचें होतें! पहिलेपणाचा मान त्यांच्याच पदरीं होता, प्रतिपक्षी सोळा वर्षांपूर्वीं वारला होता, आणि कोणी विचारावयास येणार नव्हतें. त्यांनीं तीं ओळीनओळ तपासलीं. ते दुर्गेच्या आईबापांशींही बोलले. आपण स्वतः हें काम केलेलें असल्यामुळें, बनावट मनुष्यास सुचणार नाहींत अशा बारकाव्यांचें मोल ते जाणत होते. त्यांची खात्री पटली. मग बंगळूरच्या करंट सायन्स नियतकालिकांत त्याच वर्षीं लेख लिहून त्यांनीं जाहीर केलें कीं शरीराबाहेर गर्भधारणा घडवून जन्मास आलेल्या भारतांतील पहिल्या बालकाचे शिल्पकार सुभाष मुखर्जी हे होत, व मुंबईचें श्रेय त्यानंतरचें आहे. ज्या समितीस हा विषयच अपरिचित होता तिनें जें नाकारलें, तें त्या विषयांतील अधिकारी पुरुषानें स्वतःच्या मानाची किंमत देऊन मान्य केलें. पुढें भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनेंही मुखर्जींच्या कार्यास मान्यता दिली. २०१० सालीं आनंद कुमार निवर्तले. त्याच वर्षीं इंग्लंडचे एडवर्ड्स ह्यांस नोबेल पारितोषिक मिळालें.

मुखर्जींच्या आयुष्याच्या आधारें रमापद चौधरी ह्यांनीं बंगालींत कादंबरी लिहिली, व तीवरून तपन सिन्हा ह्यांनीं १९९० सालीं एक डॉक्टर की मौत हा हिंदी चित्रपट काढला. त्यांतील डॉक्टर कुष्ठरोगावरील लस शोधून काढतो. वडील मंडळींपैकीं कित्येकांनीं तो पाहिला असेल. पण त्यामागें हा खराखुरा मनुष्य होता हें थोड्यांसच ठाऊक असतें.

दुर्गेचें खरें नांव व तोंडवळा लोकांस बरींच वर्षें माहीत नव्हता. २००३ सालीं, वयाचीं २५ वर्षें पूर्ण झालीं तेव्हां, मुखर्जींच्या स्मरणार्थ भरलेल्या समारंभांत ती स्वतः येऊन उभी राहिली, आणि आपण कोण हें तिनें सर्वांसमक्ष सांगितलें.